विमान भरलेलं होतं, मग कंपनी का बुडाली?

प्रश्न निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्यांचा आहे. त्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं: "सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, मी बरीच वर्षं विमानानं जातोय. ज्या छोट्या कंपन्यांच्या विमानात बसलो, ती जवळजवळ दर वेळी भरलेली होती. तरी कंपनी वर्षा-दोन वर्षांत गायब. मालक पैसे खातात, की धंद्याचं गणितच तसं आहे? आणि दुसरं म्हणजे, माझ्या मुलीला अशाच एका नव्या छोट्या कंपनीत ग्राउंड स्टाफची नोकरी मिळतेय. पाठवू का?"

मी या धंद्यात सत्तावीस वर्षं काढली. मुंबईत तिकीट काउंटरवर सुरुवात, मग रॅम्प, म्हणजे विमानं उभी राहतात तिथलं काम, मग दक्षिणेतल्या दोन लहान स्टेशनांचा, म्हणजे विमानतळांवरच्या कंपनीच्या कचेऱ्यांचा, मॅनेजर, आणि शेवटची काही वर्षं वेळापत्रकं आखण्याचं काम. दोन कंपन्या माझ्या डोळ्यांदेखत बंद पडल्या. त्यातल्या एकीकडं माझा तीन महिन्यांचा पगार अजून अडकलाय, तो आता मी सोडून दिलाय. आता बेळगावात, टिळकवाडीत घरी असतो. आवाजावरून वर पंख्याचं एटीआर आहे की जेट एम्ब्रेअर ते ओळखायचं, एवढाच सध्या उद्योग.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. तुम्ही ज्या विमानात बसलात ते भरलेलं होतं. आता तुम्ही बसणार कधी? सोमवारी सकाळी जायला आणि शुक्रवारी संध्याकाळी यायला. उद्यमबागेतला फौंड्रीवाला, केएलई हॉस्पिटलात कॉन्फरन्सला आलेला डॉक्टर, डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटकच्या अधिवेशनाला येणारे आमदार आणि त्यांच्या मागंपुढं फिरणारे, सगळे त्याच वेळेला धावणार. तेच विमान मंगळवारी दुपारी अडीचला रिकाम्या खुर्च्या घेऊन परत येतं, ते बघायला तुम्ही नसता. मी असायचो. बावीस प्रवासी, त्यातले चार आमच्याच कंपनीचे. लोडशीटवर, म्हणजे प्रवासी आणि वजनाच्या हिशोबाच्या कागदावर, सही करताना कॅप्टन वर बघायचा आणि मी खाली बघायचो.

शिवाय भरलेलं म्हणजे किती रुपयांनी भरलेलं, हेही बघायला हवं. खुर्ची भरणं या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम आहे. भाडं पाडा, खुर्ची भरते. कॅप्टन गोपीनाथांच्या पहिल्या एअर डेक्कननं २००३ नंतर एक रुपयाची तिकिटं काढली तेव्हा आपल्याकडच्या किती घरांत पहिल्यांदा कुणीतरी विमानात बसलं, ते आठवा. माणूस मोठा, कल्पना मोठी, त्याबद्दल मला कायम आदर आहे. पण २००७ मध्ये किंगफिशरला हिस्सा विकावा लागला, २००८ मध्ये नाव बदलून किंगफिशर रेड झालं, आणि २०१२ मध्ये किंगफिशरच जमिनीवर आलं.

आता मूळ गणित. आकडे ढोबळ धरतो, मुद्दा कळावा म्हणून. सत्तर खुर्च्यांचं वापरलेलं एटीआर भाड्यानं घेतलं. छोट्या कंपन्या विमान विकत घेत नाहीत, परदेशी मालकाकडून भाड्यानं घेतात. त्याला आम्ही लेसर म्हणतो. महिन्याचं भाडं १,२०,००० डॉलर धरा आणि डॉलर ६५ रुपयांना. झाले ७८ लाख. विमान उडो न उडो, हे ७८ लाख द्यायचेच. विमान रोज १० तास उडवलं तर महिन्याचे ३०० तास, म्हणजे तासाला २६,००० रुपये भाडं अंगावर पडलं. रोज पाचच तास उडवलं तर तेच तासाला ५२,००० झालं. तेल, वैमानिक, इंजिनाच्या देखभालीसाठी लेसरकडं तासाच्या हिशोबानं भरायचे पैसे, विमा, विमानतळाची बिलं, हे सगळं अजून बाजूलाच आहे.

म्हणून आम्ही वेळापत्रकवाले खुर्च्यांपेक्षा तासांच्या मागं लागलेले असतो. विमान आज किती तास हवेत होतं? पंचवीस मिनिटांत माणसं उतरवून, नवी चढवून परत उडालं का? आणि छोट्या गावांना जोडणाऱ्या कंपनीची अडचण नेमकी इथंच आहे. कुठं संध्याकाळी सहानंतर विमानतळ बंद. कुठं आयएलएस नाही, म्हणजे ढगातून धावपट्टीपर्यंत खाली आणणारी यंत्रणाच नाही, तिथं लांबवर नजर पोचली तरच उतरायचं. आपल्याकडचा जुलै कसा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. खानापूर, जांबोटीकडून ढग सरकत आले की दुपारी बारालासुद्धा दिवे लावावे लागतात. वैमानिक दोन घिरट्या घालतो आणि गोवा नाहीतर हुबळी गाठतो. मग त्या विमानाची दिवसभराची माळच तुटते. सकाळचं बंगळूर–बेळगाव चुकलं की दुपारचं बेळगाव–हैदराबाद गेलं, संध्याकाळचं हैदराबाद–तिरुपती गेलं. तिकडं तिरुपतीला बसलेल्या माणसाला वाटतं, इथं तर लख्ख ऊन आहे, विमान का नाही? आणि रात्री वैमानिकांचे कामाचे तास संपलेले, म्हणजे उद्या सकाळचंही बोंबललं.

मोठ्या कंपनीचं एक विमान अडलं तर तिच्याकडं दुसरं असतं. तीन विमानांच्या कंपनीकडं काय असतं? माफीचा एसएमएस.

याच्यावरून एक प्रसंग सांगतो. कंपनीचं नाव सांगत नाही, स्टेशनचंही नाही. पहाटेचं विमान, भोवती उसाचे फड, उतरताना घार डाव्या पंख्यावर आदळली. एटीआर ७२-५०० च्या पंख्याला सहा पाती असतात, त्यातल्या एका पात्याला तडा गेला. वैमानिकानं नीट उतरवलं, कुणाच्या केसाला धक्का नाही. इंजिनिअर टॉर्च घेऊन वर चढला, पात्यावरून अंगठा फिरवला, खाली उतरला आणि एवढंच म्हणाला, "एओजी." म्हणजे विमान जमिनीवर, सुटा भाग येईपर्यंत हलणार नाही. नवं पातं दुसऱ्या दिवशी मिळू शकलं असतं. पण ते ज्यांच्याकडं होतं त्यांची आधीची बाकी होती. आधी पैसे टाका, मग पातं, असं त्यांनी कळवलं. हेड ऑफिसनं पैसे जमवायला चार दिवस घेतले, पाचव्या दिवशी पातं टेंपोतून आलं. त्या पाच दिवसांत मी तीसेक उड्डाणांचे पैसे परत केले, बसा ठरवल्या, एका लग्नाच्या वऱ्हाडाच्या शिव्या खाल्ल्या. कंपनीकडं तेव्हा तीनच विमानं होती. पाच दिवस कमाईचा तिसरा हिस्सा बंद, भाडं मात्र तिन्हींचं चालू.

आणि खरी गोष्ट पुढंच आहे. ती पाच दिवसांची परतफेड ज्या पैशांतून झाली ते पैसे पुढच्या महिन्याच्या प्रवाशांचे होते.

हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या "मालक खातात का"चं उत्तर इथं आहे. तुम्ही दिवाळीचं तिकीट ऑगस्टमध्ये काढता. ते पैसे कंपनीकडं आज येतात, सेवा दोन महिन्यांनी द्यायची. खरं तर ते प्रवाशाचं बिनव्याजी कर्ज झालं. तब्येत चांगली असताना कंपनी ते बाजूला ठेवते. पैशाची चणचण आली की त्यातूनच आजचं तेल भरते, आणि दिवाळीच्या विमानाचं तेल दिवाळीत बघू म्हणते. मग अजून पैसा लागतो म्हणून सेल लावायचा: ९९९ रुपयांत कुठंही! लोकांना वाटतं, कंपनी जोरात आहे. आतल्या माणसाला कळतं, दम लागलाय. भिशीवाल्यानं जुन्या हप्तेकऱ्याला द्यायला नवे हप्तेकरी शोधायला सुरुवात केली की काय समजायचं, ते तुम्हा व्यापाऱ्यांना मी काय सांगू? यात कुणी खिसे भरत असेलच असं नाही. बहुतेक मालक स्वतःचं घरदार गहाण टाकूनच बुडालेले मी बघितलेत. शौक महागाचा, एवढंच.

आपल्या भागातलं सगळ्यात जवळचं उदाहरण एअर पेगॅससचं. बंगळूरची कंपनी, मालक मूळचे विमानतळावरच्या ग्राउंड हँडलिंगच्या धंद्यातले, म्हणजे अगदीच बाहेरचे नव्हेत. १२ एप्रिल २०१५ ला त्यांचं पहिलं विमान बंगळूरहून हुबळीला उडालं. तीन एटीआर ७२-५००, तिन्ही भाड्याची. कल्पना चांगलीच होती: दक्षिणेतली मधली गावं बंगळूरला जोडायची, मोठ्यांच्या वाटेला जायचं नाही. तेव्हा अशा टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याच्या, विमानांना तेलावर विक्रीकर कमी होता आणि ऐंशीच्या आतल्या खुर्च्यांच्या विमानांना उतरण्याची फी माफ होती. कागदावर सगळं जुळत होतं. जुलै २०१६ मध्ये सगळं थांबलं. सव्वा वर्ष. भाडं थकलं, लेसरनी विमानं परत मागितली आणि खेळ खलास.

इथं बऱ्याच लोकांना प्रश्न पडतो की भाडं थकलं तर जरा थांबले असते, कोर्टकचेरीत दोन-चार वर्षं गेली असती, आपल्याकडं तसंच होतं. विमानाचं तसं होत नाही. भारतानं २००८ मध्ये केपटाऊन करार मान्य केला. त्यानंतर लेसर विमान देतानाच कंपनीकडून एक कागद सही करून घेतो: पैसे चुकले तर या विमानाची भारतातली नोंदणी रद्द करायला माझी आधीच संमती आहे. तो कागद डीजीसीएकडं, म्हणजे सरकारच्या विमान खात्याकडं, गेला की त्यांना ठराविक दिवसांत नोंदणी रद्द करावी लागते. घर रिकामं करायला भाडेकरूला जेवढा वेळ मिळतो, त्याच्या दहाव्या हिश्शाचाही वेळ इथं मिळत नाही. लेसरच्या बाजूनं बघितलं तर तेही बरोबरच आहे. त्याची वस्तू हवेत उडून जाणारी आहे, तो कशाला वाट बघेल?

विजयवाड्याच्या एअर कोस्टानं तर याच्या उलट टोकाची चूक केली. ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू, एम्ब्रेअर जेट, स्वच्छ विमानं, वेळेची चांगली. हातात विमानं बोटांवर मोजण्याइतकी. आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सिंगापूरच्या प्रदर्शनात एम्ब्रेअरच्या ५० नव्या विमानांची ऑर्डर! त्या दिवशी आम्ही चहाच्या टपरीवर हसलो होतो. आता हसल्याचं वाईट वाटतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये लेसरच्या पैशांवरूनच त्यांची विमानं थांबली. कोइमतूरची एअर कार्निव्हल तर जुलै २०१६ ते एप्रिल २०१७ एवढीच चालली. १९५३ चा कायदा १९९४ मध्ये गेला आणि खासगी कंपन्यांना दार पूर्ण उघडलं, तेव्हापासून दमानिया, एनईपीसी, मोदीलुफ्त अशी ही रांग लागलेलीच आहे. नावं बदलतात. रोग क्वचितच बदलतो.

मग छोट्या गावांना विमानानं जोडायची सरकारची उडान योजना आली. २०१६ च्या नागरी विमान धोरणातून ती निघाली आणि २७ एप्रिल २०१७ ला शिमला–दिल्ली हे पहिलं विमान उडालं. कल्पना अशी की साधारण निम्म्या खुर्च्यांना तासाभराच्या प्रवासासाठी २,५०० रुपयांची मर्यादा, तोट्याची भरपाई सरकार करणार, तीही तीन वर्षं, आणि तेवढा काळ त्या मार्गावर दुसरा स्पर्धक नाही. उडानच्या विमानतळावर भरलेल्या तेलावर राज्याचा व्हॅट फक्त १ टक्का.

बेळगावला या योजनेचा आधी फटका बसला, मग फायदा झाला. सप्टेंबर २०१७ मध्ये सांबऱ्याच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं, काच चकाचक, आणि वर्ष व्हायच्या आत २०१८ मध्ये स्पाइसजेटनं इथली विमानं उचलून हुबळीला नेली. का? हुबळी उडानमध्ये होतं, आपण नव्हतो. कारण आपल्याकडं आधीपासून विमानं येत होती! ज्याचं बरं चाललंय त्याला मदत नाही, आणि ज्याला मदत मिळते तो शेजारी. तेव्हा इथल्या व्यापाऱ्यांनी, उद्योजकांनी बरीच धावाधाव केली, आणि जानेवारी २०१९ मध्ये उडानच्या मार्गवाटपाच्या तिसऱ्या फेरीत बेळगावचं नाव आलं. ट्रूजेटची हैदराबाद, तिरुपतीची विमानं, स्टार एअरची अहमदाबाद, इंदूर अशी विमानं त्यातूनच आली. तिरुपतीला विमानानं जाऊन दुसऱ्या दिवशी मुंडण केलेलं डोकं घेऊन सांबऱ्यावर उतरणारे काका-मामा मी स्वतः बघितलेत.

ट्रूजेट हैदराबादची, २०१५ ची, एटीआरवाली. छोट्या कंपन्यांत ती बरीच तगली. नांदेड, कोल्हापूर, जळगाव, बिदर, जिथं फारसं कुणी जात नव्हतं तिथं गेली. पण २५ मार्च ते २५ मे २०२० देशातली प्रवासी विमानं बंद होती आणि नंतरही कित्येक महिने निम्मी. भाडं मात्र बंद नव्हतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिची उड्डाणं थांबली.

उडानचा खरा हिशोब कॅगनं, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्यांनी, २०२३ च्या अहवालात मांडलाय. तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली, आणि मुदतीनंतरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले ते ५४. शंभराला सात. आता यात सगळा दोष योजनेचा नाही. तीन वर्षांत गावाला विमानाची सवय लागते की नाही, हे त्या गावावर आहे. पण एक गोष्ट बोललीच पाहिजे: भरपाई मागाहून मिळते. आधी उडवा, मग बिल लावा, मग वाट बघा. टाटा-बिर्लाला ती वाट परवडते. तीन विमानांच्या मालकाला वाट बघतानाच भाड्याची तारीख येते.

त्याच नावानं पुन्हा काढलेल्या दुसऱ्या एअर डेक्कनचं हेच झालं. उडानच्या पहिल्या फेरीत ढीगभर मार्ग जिंकले, हातात अठरा-एकोणीस खुर्च्यांची बीचक्राफ्ट. मुंबईत उतरायला सोयीचे स्लॉट मिळेनात, म्हणजे धावपट्टीवरची ठरलेली वेळ. डिसेंबर २०१७ मध्ये नाशिक, जळगाव सुरू झालं, २०१८ मध्ये कोल्हापूर. आज आहे, उद्या नाही, असं करत करत एप्रिल २०२० मध्ये ती बंद पडली. लोक विमानाच्या भाड्याला एवढे घाबरत नाहीत जेवढे "आज येणार का?" याला घाबरतात. दोनदा दगा बसला की माणूस परत बसकडं वळतो.

बस म्हटलं की आपल्या भागाचा एक वेगळाच मुद्दा आहे, आणि बाहेरून येऊन कंपनी काढणाऱ्यांना तो कळत नाही. नकाशावर बेळगाव बघितलं की त्यांना वाटतं, दोन राज्यांच्या सीमेवरचं गाव, साखर आहे, फौंड्री आहे, हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनवणारा एसईझेड आहे, मराठा लाइट इन्फंट्री आहे, चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याचे लोकही इकडंच येणार. सगळं खरं. पण याच माणसाला हुबळी दोन तासांवर, कोल्हापूर दोन तासांवर, गोवा तीन तासांवर. २०२१ मध्ये चिपी झालं, २०२३ पासून मोपा. दोनशे किलोमीटरच्या आत इतके विमानतळ, आणि प्रत्येकजण तोच प्रवासी स्वतःचा म्हणून मोजतो! प्रत्येकाच्या हिशोबात निपाणीचा तंबाखू व्यापारी आहे, म्हणजे तुम्ही आहात. तुम्ही चार विमानांत एकाच वेळी बसणार कसे?

आणि बंगळूरला जायचं तर रात्री जेवून बसमध्ये झोपलं की सकाळी मॅजेस्टिक, बंगळूरचं मुख्य बसस्थानक. नाहीतर राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहेच. विमान तासाभरात देवनहळ्ळीला, बंगळूरच्या विमानतळावर, पोचवतं खरं, पण तिथून गावात यायला दीड-दोन तास, टॅक्सीचे हजाराच्या वर. मग वाचलं काय? त्यामुळं छोट्या कंपनीनं बेळगाव–बंगळूरवर जगायचं ठरवलं तर तिची स्पर्धा दुसऱ्या विमानाशी नसते, स्लीपर बसशी असते. याउलट इंदूर, अहमदाबाद, जोधपूर घ्या. गणपत गल्लीतल्या मारवाडी कापडवाल्याला गावी जायला रेल्वेत दीड दिवस काढावा लागतो. तिथं पन्नास खुर्च्यांचं विमान, आठवड्यातून तीन-चार दिवस, हे बरोबर बसतं. स्टार एअर जानेवारी २०१९ पासून टिकून आहे याचं एक कारण मला हे वाटतं. दुसरं कारण सरळ आहे: पाठीशी घोडावतांचा मोठा उद्योगसमूह आहे. जयसिंगपूर पट्ट्यातला माणूस, इथल्या बाजारपेठा त्याला पायाखालच्या आहेत. विमान कंपनी हा ज्याचा एकमेव धंदा आहे त्याला एक वाईट पावसाळा पुरतो. ज्याचे इतर धंदे चालू आहेत तो दोन-तीन पावसाळे काढतो.

आणि आपल्याकडची अजून एक गोष्ट अशी की इथं मागणी अचानक येते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कोल्हापूरजवळ हायवे पाण्याखाली गेला, पुण्या-मुंबईची वाट बंद, तेव्हा सांबऱ्याहून सुटणाऱ्या प्रत्येक खुर्चीला माणूस होता. त्या आठवड्याच्या आकड्यांवर कुणी वर्षाचं गणित मांडलं असेल तर देव त्याचं भलं करो. जाता जाता: गावाचं नाव काय लिहायचं यावर इथं साठ-सत्तर वर्षं भांडण चालू आहे, पण बॅगेच्या टॅगवर सगळे गुण्यागोविंदानं आयएक्सजी लिहितात. सीमाभागात बिनवादाचं असं हे एकच नाव असावं.

आता मुलीचं. माझं मत, पाठवा. पण डोळे उघडे ठेवून.

या धंद्यात पहिली दोन वर्षं छोट्या कंपनीत काढलेली पोरं पुढं जास्त तयार निघतात. मोठ्या कंपनीत ती फक्त चेक-इन करेल. छोट्या स्टेशनवर सकाळी चेक-इन, मग बोर्डिंग, मग व्हीलचेअर, मग हरवलेल्या बॅगेचा तपास, आणि विमान रद्द झालं की शंभर रागावलेल्या माणसांपुढं एकटीनं उभं राहणं. शेवटचं कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. कंपनी तिला सुरक्षेचं आणि घातक मालाच्या हाताळणीचं ट्रेनिंग देईल. ती प्रमाणपत्रं तिची असतात, त्यांच्या प्रती पहिल्याच दिवशी घरी आणून ठेवायच्या. माझ्या हाताखालच्या एका मुलीची ऑफिसात राहिली, कंपनीला टाळं लागलं आणि तिला पुढच्या नोकरीसाठी सगळं ट्रेनिंग पुन्हा करावं लागलं.

नेमणूकपत्रावर नाव विमान कंपनीचं आहे की कुठल्या ठेकेदाराचं, ते वाचा. अनामत किंवा ट्रेनिंगचे पैसे आधी मागत असतील तर तिथूनच परत फिरा; कामाला ठेवणारा पैसे देतो, घेत नाही. पीएफ दर महिन्याला खात्यात पडतो का, हे तिनं मोबाइलवर स्वतः बघायचं. पगार एक महिना उशिरा झाला तर समजून घ्या, सगळ्यांचं होतं. पण पगार होतोय आणि पीएफ भरला जात नाही, असं दोन महिने दिसलं तर दुसरीकडं अर्ज टाकायला सुरुवात करायची. पगार न दिल्याची बोंब लगेच होते, पीएफ न भरल्याची कुणाला कळत नाही. म्हणून चणचण आली की आधी तिकडं हात जातो. माझ्याकडं हेच झालं आणि मला सात महिन्यांनी कळलं.

विमानं किती आहेत तेही विचारा. तीन असतील तर उडतात किती ते विचारा. तीनपैकी एक कोपऱ्यात उभं असेल आणि त्याच्या इंजिनाची झाकणं महिनाभर निघाली नसतील, तर बहुतेक त्याचे भाग काढून बाकीची दोन उडवताहेत.

अजून एक खूण आहे, ती कुठल्या कागदावर नसते. माझ्या शेवटच्या कंपनीत ती मला दिसली होती आणि मी ती बघून न बघितल्यासारखी केली. सकाळचं विमान, प्रवासी बसलेले, शिडी काढायची बाकी. तेलाचा टँकर पंखाखाली उभा आणि टँकरवाला अण्णा नळी खांद्यावर टाकून नुसता उभा. मी म्हटलं, भरा की. तो म्हणाला, "सर, वरनं फोन यायचाय. पैसे आलेत म्हणून सांगितल्याशिवाय सोडू नको म्हणालेत." तेल कंपनीनं उधारी बंद केली होती, दर उड्डाणाला रोख. वीस मिनिटं आम्ही दोघं पंखाच्या सावलीत उभे राहिलो. खिडकीतून एक म्हातारी आमच्याकडं बघत होती. फोन आला, तेल भरलं, विमान गेलं. त्यानंतर ती कंपनी सात आठवडे चालली.

तुमच्या मुलीला सांगा, रोज सकाळी जाता-येता त्या टँकरवाल्याशी दोन शब्द बोलत जा. तो फोनची वाट बघत उभा राहायला लागला की मला कळव.